मामाजींची जीभ

माझ्या हातचं चॉकलेट तोंडात घालून थुंकणारा माणूस मला आजवर एकच भेटला, आणि तो माझा सासरा होता. थुंकणं म्हणजे तोंड फिरवून, कुणाच्या लक्षात येणार नाही असं नव्हे. पलंगाखालून जर्मनचा जुना गंज, म्हणजे पातेलं, ओढायचा, मांडीवर घ्यायचा, तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. तो विरघळला की ओठांचा चंबू करून 'सुर्रर्र' अशी हवा आत ओढायची, सगळं तोंडभर खळबळवायचं आणि मग शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी पिचकारी त्या गंजात. मग टॉवेलनं ओठ टिपायचे. मग निकाल. मी हातात बशी घेऊन समोर उभी. दहावीच्या निकालालाही मी एवढी घाबरले नव्हते.

"गिळते तो गिऱ्हाईक, थुंकते तो जाणकार," हे मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, वाक्य मी लग्नाच्या पहिल्या वर्षात इतक्यांदा ऐकलं की माहेरी गेल्यावर आईच्या हातची खीरसुद्धा जिभेवर ठेवून मी क्षणभर थांबायला लागले. आईला वाटलं, मुलीला सासरी जेवायला देत नाहीत.

मामाजींनी चाळीस वर्षं नागपूरच्या इतवारी बाजारात चहाच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे चव पाहायचं काम केलं. सकाळी दुकानात वीस-पंचवीस कप मांडलेले असत. हे एकेकाचा घोट घेत, थुंकत आणि कुठली पत्ती कुठल्या पत्तीत किती मिसळायची ते सांगत. शेटजी त्यांच्या शब्दाबाहेर नसत. "दुकान शेटजीचं, पण धंदा माझ्या जिभेवर," असं मामाजी सांगत, आणि सांगताना जीभ खरोखरच थोडी बाहेर काढून दाखवत.

त्या जिभेपायी घरादारानं उपास सोसला. कांदा बंद, लसूण बंद, मसाले बंद. नागपुरात राहून ज्या घरात झणझणीत सावजी रस्सा कधी शिजला नाही असं आमचं एकच घर असावं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे पाहुणे फाटकाबाहेर उभे राहून बोलत. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, चाळीस वर्षं जिरे-हळदीची फिकट वरणं रांधत आल्या. मामाजी निवृत्त झाले, तरी जिभेला कुणी निवृत्त केलं नाही. नियम तसेच राहिले. फक्त चाखायला काही उरलं नव्हतं. ती उणीव माझ्या दुर्दैवानं मी भरून काढली.

मी नागपूरजवळच्या कुहीची. वडिलांची धानाची शेती. लग्नानंतर एका क्लासला जाऊन केक आणि चॉकलेट शिकले आणि घरूनच ऑर्डरी घ्यायला लागले. हिवाळाभर सगळं छान चाललं. मार्च संपला आणि चॉकलेटनं मान टाकली. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस कूलरवर जगतो, पण कूलरच्या दमट हवेत चॉकलेटला घाम फुटतो आणि त्यावर पांढुरका थर चढतो. एसी घरात एकच होता, मामाजींच्या खोलीत. माझ्या नवऱ्यानं वडिलांना हौसेनं घेऊन दिलेला. तिथं मला काम करू द्याल का, असं त्यानंच विचारलं, तेव्हा मामाजी लगेच हो म्हणाले. मला भरून आलं. पुढचं वाक्य ऐकेपर्यंत.

"पण माझ्या खोलीत जे बनन, ते माझ्या जिभेवरूनच बाहेर जाईन."

अशा रीतीनं मी त्यांच्या टेबलावर साचे मांडायला लागले आणि ते पलंगावर लोडाला टेकून माझ्या पाठीकडे पाहायला लागले. पाठीलाही चुका असतात हे मला तेव्हा कळलं. "हात काहून थांबला? ढवळत राहा." "मोबाइल ठेव तो. चॉकलेटले समजते कोणाचं ध्यान कुठं आहे ते."

त्यांचे निकाल मी एका वहीत लिहून ठेवायला हवे होते. पहिल्या ब्राउनीला म्हणाले, "कोळशाले साखर लावली." पांढऱ्या चॉकलेटला म्हणाले, "हे चॉकलेटच्या घरी कामाले असंल." एकदा मी चिडून म्हटलं, "मामाजी, कधी तरी नुसतं 'चांगलं आहे' म्हणून पाहा ना." ते शांतपणे म्हणाले, "चांगलं आहे, हे तेरवीच्या जेवणाले म्हणत असतात."

नणंदेच्या मुलीच्या वाढदिवसाला पंधरा पाहुण्यांसमोर त्यांनी माझ्या केकचा पहिला घास गंजात टाकला. बच्चेकंपनीला वाटलं खेळ आहे. पुढची दहा मिनिटं सगळी पोरं सुर्रर्र करून केक थुंकत होती.

राग येण्यासारखी गोष्ट ही होती की म्हातारा चुकत नसे. "याले कांद्याची संगत लागली," ते एकदा ट्रफलबद्दल म्हणाले. कांदा या घरात येतो कुठून, असं मी तावातावानं विचारलं. मग फ्रिज उघडून पाहिलं, तर लोण्याच्या डब्यामागं वाटीत अर्धा चिरलेला कांदा झाकून ठेवलेला. तो आत्याबाई दुपारी लपून भाकरीसोबत खात. त्या दिवशी माझं लोणी गेलं आणि आत्याबाईंचा कांदा. पण मला कबूल करावं लागलं, की अख्खा फ्रिज समोर असून मला जे दिसलं नाही ते या माणसाला पलंगावर बसून कळलं. तेव्हापासून त्यांनी "पास" म्हटल्याशिवाय एकही डबा मी बाहेर पाठवला नाही. गिऱ्हाइकं वाढली, ती कुणामुळे, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. त्यांना तर मुळीच नाही.

मग एका पावसाळ्यात मामाजींना ताप आला. दहा-बारा दिवस अंगावरच राहिला. उठले ते वाळलेले, पण उठल्यावर त्यांच्यात मोठाच बदल झाला. ते पास करायला लागले. सुर्रर्र तसंच, पिचकारी तशीच, पण नंतर टॉवेलनं ओठ टिपून एकच शब्द: "पास." कधी "गोड जरासं कमी कर," इतकंच. मला वाटलं, अखेर माझा हात बसला. मी नवऱ्याला सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं, आरशातसुद्धा जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. तीन महिने मी या आनंदात काढले. मूर्ख माणसाला आनंद पटकन पचतो.

साखरपुड्याच्या केकची ऑर्डर होती. दोन मजली चॉकलेट केक. मी मिश्रण करत होते आणि मुलीच्या आईचा फोन तिसऱ्यांदा आला, फुलं गुलाबी की लाल. त्या बोलण्यात खायचा सोडा माझ्या हातून दोनदा पडला. माझ्या लक्षात आलं नाही. चतुर्थी असल्यामुळे मी स्वतः चाखूही शकत नव्हते. नेहमीप्रमाणे एका वाटीत थोडंसं भाजून मामाजींपुढे ठेवलं. सुर्रर्र. पिचकारी. "पास. पाठव."

संध्याकाळी मुलीच्या आईचा फोन आला. "काय वं ताई, हा केक होय का साबण होय? पोराकडच्या लोकायनं तोंड धुतलं जाऊन!"

केक परत आला. आत्याबाईंनी चिमूटभर तोंडात टाकला आणि धावत मोरीकडे गेल्या. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांकडे माफी मागून आला. मामाजी मात्र लोडाला टेकून म्हणाले, "लोकायच्या जिभा गेल्या आजकाल. फोडणीचं खाऊन खाऊन." मला एवढा संताप आला की रडूही येईना. आणि त्या संतापातच पहिल्यांदा मनात शंका आली.

त्याच दुपारी मी एक वडी केली. निव्वळ कोको, लोणी आणि दोन चमचे मीठ. साखरेचा कण नाही. बशीत ठेवून घेऊन गेले. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मामाजींनी गंज मांडीवर घेतला, डोळे मिटले, सुर्रर्र केलं, खळबळवलं, थुंकलं. ओठ टिपले.

"गोड थोडं जास्त झालं," ते म्हणाले.

मी पुष्कळ दिवस या क्षणाची वाट पाहिली होती, म्हणजे ते चुकण्याची. बोलायची वाक्यंही तयार होती, चांगली टोकदार. पण तोंडातून इतकंच निघालं, "मामाजी, याच्यात साखर टाकलीच नाही मी. मीठ आहे."

ते गंज उचलून मोरीवर गेले आणि स्वतः घासून धुऊन आणला. त्या घरात त्यांनी भांडं धुतलेलं मी तेव्हाच पाहिलं. परत येऊन बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. चव नाही, वास नाही. तोंडात माती घातली तरी तेच."

"मग सांगितलं काहून नाही? माझा केक गेला, नाव गेलं!"

"कोणाले सांगू?" ते एकदम ओरडले आणि मग आवाज खाली आला. "जीभ होती तं मी कोणी होतो, पोरी. जीभ गेली म्हणलं तं उरते काय? एसीत बसलेला म्हातारा."

मला आत्याबाईंचा आधार हवा होता म्हणून मी मागे पाहिलं. त्या थंडपणे म्हणाल्या, "मले माहीत होतं. ताप उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी वरणात चुकून लसूण पडला माझ्या हातून. हे काही बोललेच नाही. मग म्हटलं, यायची जीभ गेलीच आहे तं आपण तरी चवीनं जेवून घेऊ." तीन महिने आमच्या घरात वरणाला लसणाची फोडणी पडत होती. मी जेवत होते, बोटं चाटत होते, आणि मलाही कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण मला वाटलं, मामाजींनी आता आम्हा सगळ्यांनाच पास केलं आहे.

आठवडाभर मी त्यांच्या खोलीत नुसती जाऊन साचे भरून येई. नमुना ठेवत नसे. मला वाटे मी त्यांचा मान राखते आहे. आठव्या दिवशी आतून हाक आली.

"नमुना काहून नाही आणला आज?"

"आणून काय करता?"

"तू चाख. मी विचारतो."

आणि सुरू झालं. मी तुकडा जिभेवर ठेवला. "कसं लागते?" "चॉकलेटसारखं लागते." "शाबास! मग पाणी कसं लागते, पाण्यासारखं? कडू लागते का? कुठं? समोर का मागं, घशाजवळ?" मला जिभेला पुढं-मागं असतं हेच माहीत नव्हतं. "मागं," मी अंदाजानं म्हटलं. "अंदाज करून राहिली. थुंक. पाणी पी. पुन्हा घे." त्या दिवशी एका वडीचे मी अकरा तुकडे चाखले. अकराव्याला मला खरंच कळलं की कडूपणा मागं आहे, उशिरा येतो आणि जाता जात नाही. ते सांगितलं तसे मामाजी लोडावरून उठून बसले. "मग आच जास्त झाली. कोको भाजल्या गेला तुझा. उद्या मंद ठेव." दुसऱ्या दिवशी मंद ठेवली. कडूपणा गेला.

असं दोन वर्षं चाललं. त्यांना काहीच लागत नव्हतं, पण काय लागायला हवं ते सगळं ठाऊक होतं. मला सगळं लागत होतं आणि ठाऊक काहीच नव्हतं. आमच्या दोघांत मिळून एक जाणकार माणूस झाला. बोलणं मात्र तितकंच तिखट. "कुहीच्या धानाले जास्त समजते तुझ्यापेक्षा," हे त्यांचं तेव्हाचं लाडकं वाक्य होतं.

बाहेरच्यांना आम्ही पत्ता लागू दिला नाही. एकदा त्यांचे जुने शेटजी भेटायला आले आणि मानानं नव्या पत्तीचा नमुना घेऊन आले. म्हणाले, आजही तुमच्याशिवाय भरवसा नाही. मी चहा केला, दोघांना दिला, आणि माझा कप घेऊन तिथंच बसले. मामाजींनी सुर्रर्र केलं, गंजात थुंकलं आणि डोळे मिटून गप्प राहिले. मी दोन घोट घेऊन भोळेपणानं म्हटलं, "मामाजी, जरा धुरकट नाही वाटत? मागं, घशात?" ते म्हणाले, "मधात बोलत जाऊ नको. मी तेच सांगणार होतो." मग शेटजींना म्हणाले, "धुरकट आहे. घेऊ नका." शेटजी मान डोलवत गेले. त्यानंतर मामाजींनी दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही, आणि संध्याकाळच्या नमुन्याला नेहमीपेक्षा दुप्पट झापलं.

मागच्या हिवाळ्यात मामाजी गेले. सकाळी आंघोळ करून पलंगावर टेकले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला दुपारपर्यंत रडू आलं नाही.

काही दिवसांनी शेटजी भेटायला आले. आत्याबाईंजवळ बसून जुन्या गोष्टी सांगत होते. मी पाणी घेऊन गेले, तसे माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, तो चहा तुम्ही चाखला होता. मले माहीत आहे."

मी दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून इतवारीत आला. म्हणे, शेटजी, चाळीस वर्षं तुमच्याशी खोटं बोललो नाही, काल बोललो. माझी जीभ गेली. पण घरी दुसरी तयार होऊन राहिली." शेटजींनी पाण्याचा घोट घेतला. "मी म्हटलं, मग तिलेच पाठवा दुकानात. तं म्हणे, अजून नाही. कच्ची आहे. पाचेक वर्षं लागतीन."

कच्ची. दोन वर्षं रोज चाखून, थुंकून, शिव्या खाऊन, कच्ची! मला इतका राग आला की मी तिथंच, शेटजींच्या देखत, पदर तोंडाला लावून रडायला लागले. थांबेचना.

आत्याबाई उठल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको वं. मले तं चाळीस वर्षांत एवढंही म्हणले नाही."