आधी प्रार्थना करू

आमच्या ख्रिस्ती मंडळीत म्हाताऱ्या माणसांना त्यांची चूक सांगायचं काम माझ्याकडे होतं. असं पद कुठे नसतं, पण कोणाला तरी ते करावंच लागतं, आणि माझी जीभ गोड आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी पंच कमिटीचा सेक्रेटरी, वयाने कमिटीत सर्वांत लहान. आठवडाभर न्हावा शेव्याला कस्टमच्या कागदपत्रांतल्या चुका शोधायच्या आणि रविवारी घणसोलीत, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, माणसांच्या.

माझी एक पद्धत होती. कुणाकडे गेलो की पाणी प्यायचं, तब्येत विचारायची आणि म्हणायचं, "आधी प्रार्थना करू." समोरचा माणूस डोळे मिटतो, बाई असेल तर डोक्यावर पदर घेते. मग जे काही सांगायचं ते मी देवाला सांगायचो. प्रभू, तुझ्या या दासाला उपासनेत थोडक्यात प्रार्थना करण्याची कृपा दे. प्रार्थना चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही, डोळे उघडत नाही, आणि शेवटी आमेन म्हणावंच लागतं. म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायची सोयच नाही. एका आजोबांची प्रार्थना पंधरा-पंधरा मिनिटं चालायची आणि मागची मुलं तेवढ्यात मोबाइल बघून घ्यायची. मी जाऊन आल्यावर पुढच्या रविवारी त्यांनी तीन मिनिटांत आवरतं घेतलं. त्यानंतर त्यांनी कधीच मोठ्याने प्रार्थना केली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा मला माझंच कौतुक होतं.

आमची मंडळी बहुतेक नगरकडची. वडिलांच्या पिढीतले लोक तुर्भ्याच्या कंपन्यांत लागले आणि इथेच राहिले. माझे वडील लवकर गेले. त्यांना कंपनीत चिकटवणारे जे गृहस्थ, ते पुढे मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ पंच झाले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आमच्या घरावर त्यांचे उपकार होते आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत, हेही खरं.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायच्या भाकरीची आणि द्राक्षरसाची, तयारी आई करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळून, कुस्करून, धुवट पंच्यातून गाळून ती रस काढायची. ब्रेडच्या कडा कापून मधल्या पांढऱ्या भागाचे नखाएवढे तुकडे करायची, छोटे ग्लास धुऊन टॉवेलवर उपडे घालायची. उरलेल्या कडांचा उपमा व्हायचा. बहिणीचं आणि माझं लहानपण त्या उपम्यावर गेलं.

मग बहिणीने घणसोली गावातल्या एका आगरी मुलाशी कोर्टात लग्न केलं. आमचा नियम असा, की मंडळीबाहेर असं लग्न केलं की माणूस शिस्तीखाली जातो. त्याने उपासनेला यावं, पण सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागेपर्यंत प्रभुभोजन घेऊ नये. बहीण म्हणाली, ज्याचं मला वाईट वाटत नाही त्याची माफी मागितली तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलून भाकर कशी घेऊ? याचं उत्तर कमिटीत कोणाकडे नव्हतं, म्हणून तिला हट्टी ठरवण्यात आलं. ठरावाखाली सही माझी.

तरी ती यायची. आईच्या शेजारी बसायची. एका पहिल्या रविवारी काका भाकरीचं ताट घेऊन रांगेतून फिरत होते. बहिणीपाशी आल्यावर त्यांनी ताट जरा वर उचललं आणि तिच्या डोक्यावरून आईपुढे धरलं. आईने आपला तुकडा घेतला. तेवढ्याशा तुकड्याचे तिने दोन केले आणि एक लेकीच्या तळहातावर ठेवला. बहिणीने तो खाल्ला. हॉलमध्ये पेटी वाजत होती ती थांबली, इतकंच झालं.

पुढच्या रविवारी कमिटी बसली. आईला सगळे मानत होते, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते. काका म्हणाले, "वयस्कर बाईला आईसारखी मानून समजवावं, असं शास्त्र सांगतं. तुझी तर आईच आहे." त्यात त्यांना काही गंमत दिसली नाही. मलाही दिसली नाही. मी मान हलवली आणि मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

घरी आलो तेव्हा आई भाजी निवडत होती. मी पाणी प्यायलो, गुडघे कसे आहेत विचारलं. एकाच घरात राहून मी तिला पाहुण्यासारखी तब्येत विचारली, तेव्हाच ती काय ते समजली असणार. मी म्हणालो, आधी प्रार्थना करू. तिने हात पुसले, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले. मी देवाला सगळं सांगितलं. तुझ्या या दासीने मायेपोटी केलं हे तू जाणतोस, पण तुझ्या मेजाची मर्यादा तिच्या ध्यानात आणून दे, तिला नम्र कर. चांगली प्रार्थना झाली. आवाजही भरून आला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

आई आमेन म्हणाली. मग भाजीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढून तिने विचारलं, "हे तू देवाला सांगितलंस का मला?"

मी म्हणालो, दोघांनाही. ती म्हणाली, "मला सांगायचं होतं तर माझ्याकडे बघून सांगायचं." माझं काम झालं होतं, मी कपडे बदलायला उठलो.

तिने मंडळीपुढे उभं राहून माफी मागितली. एक वाक्य बोलली आणि बसली. काकांनी पुढे येऊन तिचे हात हातात घेतले, कमिटीने माझी पाठ थोपटली. नंतरच्या पहिल्या रविवारी ताट तिच्यापुढे आलं तेव्हा तिने हात जोडले आणि मान हलवून ते पुढे जाऊ दिलं. त्या दिवशी तब्येत बरी नसेल असं लोकांनी धरून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

चार वर्षं ती शनिवारी मनुका उकळत होती, ब्रेड कापत होती, ग्लास धूत होती, आणि रविवारी ताट पुढे जाऊ देत होती. तिने कोणाकडे तक्रार केली नाही, मला एक शब्द टाकून बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं माझ्याकडे रग्गड होती. बहिणीने यायचं बंद केलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भाकर आणि रस घेऊन घरी आले. तिने त्यांचे आभार मानले आणि म्हणाली, "आधी पोरीला द्या. मग मी घेते." पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सेक्रेटरी होतो, मी नियम सांगितला. ती तशीच, न घेता, गेली. हे मी केलं. कमिटीचं नाव पुढे करून मला आता त्यातून सुटता येत नाही.

आई गेल्यावर दुसऱ्याच वर्षी काकांच्या नातीने ऑफिसमधल्या एका गुजराती मुलाशी कोर्टात लग्न केलं. कमिटी बसली. काळ बदललाय, तरुणांना तोडून चालणार नाही, असं काका म्हणाले आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. पंधरा मिनिटांत नियम गेला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी उठून हे बोलायला हवं होतं. मी काकांचा मान राखला आणि ठराव लिहिला. मग कोणीतरी म्हणालं, तुझ्या बहिणीलाही आता बोलावलं पाहिजे. तूच जा, तुला जमतं.

मी घणसोली गावात गेलो. दारात तिची सासू मासे साफ करत बसली होती. "आतमदी हाय ती, ये बस," म्हणाली. बहिणीने पाणी दिलं. मी पाणी प्यायलो, तब्येत विचारली. ठराव खिशातच होता. नियम गेला, मग आईचं काय, हे ती विचारणार हे मला माहीत होतं, आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "आधी प्रार्थना करू."

मी डोळे मिटलेही होते.

ती म्हणाली, "दादा, डोळे उघड. माझ्याकडे बघून बोल."

मी डोळे उघडले. ती समोर बसली होती, पदर खांद्यावर, हात मांडीवर, आईसारखी. माझा हात खिशातल्या ठरावावर गेला आणि तिथेच राहिला. ती पाण्याचा ग्लास उचलून आत गेली.