आशाबाईंच्या ड्रममधलं तेल

सावली गावच्या मुख्य रस्त्यावर आशाबाई मोहुर्ले तेवीस वर्षं ऑइल विकतायत. खायचं नव्हे, इंजिनाचं. तरी नवीन माणूस दुकानाची पायरी चढला की पहिला प्रश्न ठरलेला, "मालक नाई का, बाई?" मालक म्हणजे त्यांचा नवरा, श्रीहरी मिस्त्री. तो दिवसभर कुणाच्या तरी धानाच्या बांधीत बंद पडलेल्या इंजिनापुढे उकिडवा बसलेला असतो, आणि कुठल्या इंजिनात कुठलं तेल घालायचं हे सकाळी बायकोला विचारून मगच घराबाहेर पडतो. पण हे लोकांना सांगून उपयोग नाही. लोकांना सल्ला मिशीवाल्याचाच लागतो.

आशाबाई हे सगळं शिकल्या त्या धानाच्या चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, मशिनीवर. त्या मशिनीचं डिझेल इंजिन हवेवर थंड होतं, त्यात पाण्याचा थेंब नसतो. हवा जेवढी उष्णता उडवून नेईल तेवढी नेते, उरलेली सगळी तेलाच्या डोक्यावर. तेल पातळ पडलं की इंजिन जाम. अशी जाम झालेली इंजिनं त्यांनी इतकी पाहिलीत, की तेल अंगठ्यात आणि बोटात धरून किती तार येते ते पाहिलं की त्यांना पुढचं सगळं कळतं.

गावच्या डॉक्टर चिंतलवारांनी म्हातारपणी हौस म्हणून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी घेतली. दोन दारांची, बसकी, इंजिन मागच्या बाजूला, आणि तेही हवेवर थंड होणारं. गाडी बघायला अर्धं सावली लोटलं. गाडीबरोबर पुस्तक आलं, त्यात कुठल्या हवेत कुठलं तेल याचा तक्ता होता. शेवटची ओळ, तीस अंश आणि त्यावर. तक्ता करणाऱ्याच्या देशात तीस म्हणजे कडक उन्हाळा असेल. आमच्याकडे मे महिन्यात तीस अंश म्हणजे पहाटेचा गारवा!

डॉक्टरांचे जावई आदेश पुण्याला इंजिनीअर. ते उन्हाळाभर घरून काम करायला सासरी येऊन राहिले होते. त्यांनी मोबाइलवर वाचून ठरवलं की अगदी पातळ, नव्या पद्धतीचं, महागडं तेल घालायचं. डॉक्टर ते विचारायला दुकानात आले तेव्हा आशाबाईंनी साफ सांगितलं, "हे नव्या गाडीचं तेल होय, पाण्यावर थंड होते तिचं. तुमच्या गाडीचं इंजिन जुनं, पार्ट घासून घासून फट पडली. सत्तेचाळीसच्या उन्हात हे तेल पाण्यावानी होऊन जाईन, साहेब. तुमी वीस-पन्नास नंबरचं घट्ट तेल टाका. त्याच्यात जस्त बी जास्ती हाय, जुन्या पार्टाले तेच लागते." डॉक्टरांना पटलं. आशाबाईंनी ड्रममधून तेल मोजून दिलं. त्याच ड्रममधून निम्म्या तालुक्याची इंजिनं चालतात. गाडी दीड महिना झकास पळाली. जावईबापूंचं तोंड मात्र दीड महिना वाकडं होतं.

मग मे महिन्यात डॉक्टर सहकुटुंब मार्कंड्याला देवदर्शनाला गेले, आणि त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, ती गाडी आशाबाईंच्या दुकानासमोर ढकलत आणली. आदेशनी बाटली काउंटरवर आदळली. आत इंजिनातून काढलेलं तेल होतं, दुधाच्या चहासारखं पांढरट.

आशाबाईंनी बोट बुडवून पाहिलं. "साहेब, याच्यात पाणी हाय."

"अगदी बरोबर," आदेश सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे म्हणाले. "या गाडीत पाणी नसतंच मुळी. मग तेलात पाणी आलं ते तुमच्या ड्रममधूनच ना?"

आणि डॉक्टर, ज्यांनी गावातली अर्धी बाळंतपणं केली, ज्यांच्या शब्दावर लोक कडू औषध डोळे मिटून पितात, ते म्हणाले, "आशाबाई, तुम्ही तरी भेसळ करायची नव्हती."

एवढंच बोलले. पुरलं. दुसऱ्या दिवशी लटारूभाऊ आला. हे आशाबाईंचं पंधरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्याने काही न बोलता नेलेल्या तेलाचा डबा तसाच परत काउंटरवर ठेवला आणि पाठ फिरवली. त्याच्यामागून आणखी चारजण आले. खरिपाच्या तोंडावर, लोक इंजिनं काढून साफ करतात त्या दिवसांत, आशाबाईंच्या दुकानात माशी फिरकेना. गिऱ्हाइकं शेजारच्या मूल गावाहून तेल आणू लागली. तेवीस वर्षांत एकाही माणसाचं इंजिन या बाईच्या तेलाने बसलं नव्हतं, आणि हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी एकानेही तोंड उघडलं नाही. याची चीड कुणाला येणार नाही?

श्रीहरी म्हणाला, "जाऊ दे ना. मोठे लोक हायत."

"मोठे हायत म्हनून माह्या ड्रममधी पाणी येते का?" आशाबाईंनी पातेलं आदळलं. "चोर म्हनलं मले, सऱ्या बाजारात. मी काऊन जाऊ देऊ?"

त्या रागातच त्यांनी कढईत तेल तापवून भाजी टाकली. भाजी नुकतीच धुतलेली. तेल असं तडतडलं की हातावर शिंतोडे उडाले. आशाबाई चटका विसरून कढईकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी गॅस बंद केला आणि जुना, टाकून दिलेला लोखंडी तवा माळ्यावरून काढला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या अंकुशच्या भजीच्या गाड्यावर गेल्या. "भट्टी दे दहा मिनिटं. तवा माहाच हाय, तुह्या कढईले हात लावत नाई." समोरच डॉक्टरांचा दवाखाना. आशाबाईंनी रस्त्यातूनच हाक मारली, "डॉक्टर साहेब, जावयाले घेऊन या जी. भेसळ दाखवतो तुमाले!"

भेसळ म्हटल्यावर बाजार गोळा झाला. डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप तसाच ठेवून आले, मागून आदेश. तवा तापला. आशाबाईंनी श्रीहरीला दुकानातला ड्रम सगळ्यांसमोर ढकलत आणायला लावला आणि त्यातल्या तेलाचा थेंब तव्यावर सोडला. थेंब पसरला, धूर निघाला, आवाज नाही. दुसरा थेंब, तळातला. आवाज नाही. मग त्यांनी आदेशनीच त्या दिवशी काउंटरवर आदळून सोडलेली ती बाटली हलवली आणि एक थेंब टाकला. चर्र! तव्यावर फटाक्यांची लड लागल्यासारखं तेल उडालं. पुढे उभे होते ते मागे सरले.

"आता सांगा," आशाबाईंचा आवाज चढला होता, "ड्रममधलं तेल कोरडं. बाटलीतल्यात पाणी. तुमच्या गाडीत पाणी नसते, हे तुमीच म्हनले. मंग पाणी टाकलं कोनं?"

आदेश मोबाइल काढून काहीतरी शोधू लागले. डॉक्टर मात्र तव्याकडेच पाहत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"चामोर्शीला," ते म्हणाले. "मार्कंड्याहून येताना गाडी तापली होती. मी उसाचा रस प्यायला बसलो. पंक्चरवाल्या म्हाताऱ्याला म्हटलं, हवा-पाणी पाहून दे."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग श्रीहरीने कपाळावर हात मारला. आपण सगळेच तसं म्हणतो. गाडी कुठलीही असो, पंक्चरच्या दुकानापुढे थांबली की तोंडातून तेच निघतं. डॉक्टरांनीही तीस वर्षं जीप चालवताना तेच म्हटलं. आणि त्या भल्या म्हाताऱ्याने चाकांत हवा भरली, पाण्याचं झाकण गाडीभर शोधलं, आणि मागे जे एकच झाकण दिसलं, इंजिनाच्या तेलाचं, त्यात बादलीतलं पाणी इमानाने ओतलं.

आदेश पुटपुटले, "चला बाबा, आत जाऊन बोलू."

"आत नाई," आशाबाई म्हणाल्या. "भेसळ बाहेर म्हनले, हे बी बाहेरच म्हना."

डॉक्टर चिंतलवार चांगले माणूस होते, हे मात्र मान्य करायला हवं. त्यांनी बाजाराकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "चूक माझी. तेल चोख होतं. आशाबाईंना मी नाही ते बोललो." मग हात जोडले. आशाबाईंनीही जोडले. गाडीचं तेल दोनदा नवं घालून दोनदा काढून टाका, मगच तिसऱ्यांदा भरा, हेही त्यांनी लगेच सांगितलं. इंजिनावर त्यांचा राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच लटारूभाऊ पायरीवर बसलेला. हातात दुसरा, रिकामा डबा. आशाबाईंना पाहून तो मनापासून हसला.

"भरून द्या, बाई. मले त माहीतच होतं. तुमच्या तेलात पाणी? शक्यच नाई."

आशाबाईंनी डबा घेतला. झाकण काढलं. आणि तो डबा तसाच हातात धरून त्याच्याकडे पाहत विचारलं,

"माहीत होतं, त मंग त्या दिवशी काऊन नाई बोलले, भाऊ?"

लटारूभाऊ रस्त्याकडे पाहू लागला.