टेम्पोची चावी

वाल्मिकरावांच्या संबोधीला एकाच कंपनीने तिसऱ्यांदा इंटरव्ह्यूला बोलावलं, तेव्हा मी गेटवर तिची स्कूटी अडवून म्हटलं, "अगं, लग्न ठरवायलासुद्धा लोक एवढ्या वेळा पोहे खात नाहीत!"

"काका, तुम्ही पण ना!" ती हसली. "पूर्वादीदी आहे तिथे. म्हणाली, तुझं तर झालंच समज."

पोरगी कामाची पक्की. मोठ्या कारखान्यांचा माल, बिलं, गोदामं, सगळा कारभार एका सॉफ्टवेअरमध्ये बसवून द्यायचा, हे तिचं काम. कन्सल्टंट म्हणतात. नोकरी पुण्याच्या कंपनीची, पण काम घरून चालायचं. आता पुण्याने फर्मान काढलं होतं की ऑफिसात येऊन बसा. आणि वाल्मिकराव म्हणजे महूच्या पलटणीतून रिटायर झालेला गडी, बायको गेल्यापासून एकटा, त्यात डोळ्यांनी अधू. ते काही इंदूरचं आमचं राजेंद्र नगर सोडणार नव्हते. "पुण्यात पोह्यांवर सेव घालत नाहीत, मी तिथे जगू कसा?" म्हणायचे. तेव्हा ही इंदूरची नोकरी मिळाली तर बाप-लेक एका छताखाली, नाही तर ती तिकडे, ते इकडे. एवढा सरळ मामला.

पूर्वा म्हणजे आमच्या दौलतरावांची सून. दौलतरावांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, ही गोष्ट पाहुण्याला पाण्याच्या आधी मिळते. पूर्वा कॉलेजात संबोधीची सीनियर, दोघी एका डब्यात जेवलेल्या. म्हणून पोरीने तिथे हातचं काही राखलं नाही.

इंटरव्ह्यूच्या दर फेरीत तीच सुरुवात व्हायची. समजा, एक नमकीन कंपनी आहे. तिचा टेम्पो दुकानोदुकानी जातो. दुकानदार शिळी, फाटकी पाकिटं परत करतो आणि सेल्समन तिथल्या तिथे टेम्पोतून नवी काढून देतो. संध्याकाळी कॉम्प्युटर विचारतो, ही नवी पाकिटं विकली नाहीत, गोदामातही नाहीत, मग गेली कुठे? मेळ बसता बसत नाही.

संबोधी म्हणाली, टेम्पोलाच चालतं गोदाम माना. त्यात एक कोपरा खराब मालाचा. चांगलं पाकीट टेम्पोतून उतरलं, खराब पाकीट कोपऱ्यात चढलं, दोन्ही नोंदी एकाच वेळी. झालं! मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

आणि पटावं म्हणून तिने आत्याचा किस्सा सांगितला. मीराबाई, वाल्मिकरावांची बहीण, मानपूरला हायवेवर दुकान. उंदराने कुरतडलेली पाकिटं बदलून द्यायला सेल्समन कुरकुरला, की बाई टेम्पोची चावीच काढून कमरेला खोचते. नवी पाकिटं हातात पडेपर्यंत गाडी हलत नाही. पॅनेल खूप हसलं म्हणे. पुढच्या फेरीत आणखी खोलात विचारलं, तेही तिने बोर्डावर काढून दाखवलं. पूर्वा फोटो घेत होती. "वरच्यांना दाखवायला," म्हणाली.

मग मेल आलं. आपण आमच्या गरजेत फिट बसत नाही. फिट! बाह्या आखूड झाल्या की कंबर, ते काही लिहिलं नव्हतं. पूर्वादीदी फोन उचलेना.

थोड्याच दिवसांत दौलतराव पेढे घेऊन माझ्या दारात हजर. "भिया, तोंड गोड करा! पूर्वा मॅनेजर झाली."

"अरे वा! असं काय केलं सूनबाईंनी?"

"डोकं काय चालवलंय पोरीने! एका नमकीनवाल्याचं बडं काम कंपनीला मिळवून दिलं. म्हणाली, टेम्पोलाच गोदाम माना! आणि सेठला असा किस्सा सुनावला की सेठ लोटपोट. म्हणे एक बाई आहे, ती टेम्पोची चावीच—"

"काढून कमरेला खोचते."

दौलतराव चमकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाई मानपूरला राहते, दौलतराव. पेढा तुम्हीच खा."

माझ्या पोटात एरवी साधं पाणी पचत नाही, मग ही बातमी कुठली पचणार! सरळ वाल्मिकरावांकडे गेलो. संबोधी माझ्यावरच उखडली. "दीदी असं नाही करणार. तुम्हाला दोन आणि दोन पाच करायची सवयच आहे काका." मला खोटं पाडायला तिने बाबांच्या फोनवरून नंबर लावला, स्पीकरवर. अनोळखी नंबर, म्हणून उचलला गेला.

"दीदी, संबोधी बोलतेय. नमकीनवाला खरा होता का?"

"अगं, तो केस स्टडी होता ना. सगळ्याच कॅंडिडेटना देतो आम्ही. तू पर्सनली नको घेऊस यार."

"जागा होती?"

"क्लायंट मिळाला असता तर निघाली असती."

"मिळाला की."

"हो, पण वरचे म्हणाले, सोल्युशन तर तयार आहे, आहे तीच टीम चालवेल. माझ्या हातात काय होतं?" मग आवाज एकदम गोड झाला. "पण ऐक ना, आता एका डेअरीचं काम येतंय, दुधाच्या कॅनचं. तू एकदा ये. छोटासा राउंड—"

"आत्याकडे म्हैस नाही, दीदी," संबोधी म्हणाली आणि फोन बापाच्या हातात ठेवला. वाल्मिकराव तो बराच वेळ पुसत बसले. माझं खरं ठरल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. नाही झाला.

पोरगी पुण्याला गेली. वाल्मिकराव आता संध्याकाळी माझ्याकडे बसतात. पेपर मी वाचतो, त्यात नसलेलंही वाचतो, ते ओळखतात आणि म्हणतात, वाचा पुढे. दौलतराव रस्ता बदलून जातात.

परवा मीराबाई भावाला भेटायला आली. सांगत होती, संबोधीची पुण्याची बस मानपूरला थांबली तेव्हा ती डबा घेऊन उभी होती. भाचीला कौतुकाने म्हणाली, "अगं, टेम्पोवाला आता मोबाइलवर टकटक करतो आणि पाकिटं लगेच बदलून देतो. कुरकुर नाही की भांडण नाही. कोणा हुशार माणसाने करून दिलंय म्हणे."

"मग? संबोधी काय म्हणाली?" मी विचारलं.

"डबा घेतला, खिडकीत बसली. बस हलल्यावर ओरडून म्हणाली, आत्या, चावी मात्र काढून घेत जा!"