स्क्रूचा पाऊण फेरा

तो स्क्रू मी फिरवला होता. पाऊण फेरा. मेस्त्रींनी नाही — मी.

एवढं एक वाक्य. पण ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. माझे बाकीचे गाढवपणे मी टपरीवर चवीनं सांगतो. क्लासच्या उद्घाटनाला पाहुण्यांऐवजी त्यांच्या ड्रायव्हरला हार घातला, तो किस्सा तर लोक मागून ऐकतात. हा कुणी मागत नाही — कुणाला ठाऊकच नाही.

भूकंपानंतरची वर्षं. लातुरात एकीकडे पत्र्याच्या शेडमधली माणसं, दुसरीकडे गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या. अशाच एका क्लासात मी फिजिक्स शिकवायचो. पोरं पाया पडायची, पालक उठून उभे राहायचे. डोक्यात हवा गेली, आणि नांदेडच्या एका कंत्राटदाराच्या घरून मी जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, उघडी, दोन माणसांची. आमच्या घरात माणसं पाच. पण हे कळायला फिजिक्स कमी पडलं.

गाडी पळायची झकास. उभी राहिली की तिचा जीव जायचा. इंजिन आपोआप चढायचं, उतरायचं, आचके द्यायचं — बंद. नांदेडहून येताना अहमदपूरच्या एसटी स्टँडपुढे अशीच बंद पडली. लोकांनी ढकलली. ढकलता ढकलता एक म्हातारा म्हणाला, "साहेब, बैल जुपा की!"

तिला वठणीवर आणलं शिवमूर्ती मेस्त्रींनी. औसा रोडला त्यांचं गॅरेज. भूकंपात त्यांची आई गेली, धाकटी लेक गेली. लेकीला त्यांनी स्वतःच्या हातांनी दगडामातीतून बाहेर काढलं होतं. काही दिवसांनी ते गॅरेजात परत आले आणि गुमान कामाला लागले. गिऱ्हाईक त्यांच्या हातांकडे चोरून बघायचं. हात थरथरत नव्हते. — हे नीट ऐकून ठेवा. मी तासन्‌तास शेजारी स्टुलावर बसून ते हात बघितलेत.

त्या इंजिनाला दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखीच हवा ओढली तर इंजिन शांत. एकानं जास्त ओढली की भांडण. मेस्त्री एका रबरी नळीचं टोक कानाला लावायचे, दुसरं टोक आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. ऐकायचे. स्क्रू केसभर फिरवायचे. पुन्हा ऐकायचे. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी त्यांनी चालू इंजिनाच्या बॉनेटवर काठोकाठ चहाचा कप ठेवला. चहावरची साय हलली नाही.

"सर, आता हात लावू नका," ते म्हणाले. "कलेक्टर सांगायला आले तरी लावू नका."

मी हसलो. ते पण हसले — भूकंपानंतर पहिल्यांदाच, असं त्यांच्या बायकोनं, गंगाबाईंनी, मला नंतर सांगितलं.

मग निकाल लागला. आमच्या क्लासची मुलगी बोर्डात आली. क्लासचे मालक आप्पा. त्यांनी फर्मान काढलं, मिरवणूक सरांच्या लाल गाडीतून. आता मिरवणुकीत गाडी चार पावलं चालते आणि बँडवाल्यांची हौस फिटेपर्यंत उभी राहते. म्हणजे सगळी मदार उभ्या इंजिनावर.

त्या सकाळी मला वाटलं, इंजिन जरा जोरात चालतंय, उन्हात तापेल. वाटलं! पेचकस घेतला, पुढच्या कार्बोरेटरचा स्क्रू पाऊण फेरा फिरवला. इंजिन लंगडलं. घाबरून उलटा फिरवला. किती? — मोजलंच नव्हतं. "पहिलं रीडिंग लिहा, मग उपकरणाला हात लावा" म्हणून प्रॅक्टिकलच्या वह्या भिरकावणारा मास्तर मी. माझं पहिलं रीडिंग कुठं होतं?

मेस्त्रींना बोलवायला वेळ होता. नाही बोलावलं. ते हसले असते, फार तर एक शिवी दिली असती. एवढंच.

गोलाईत, म्हणजे बाजारपेठेच्या भर चौकात, यायच्या आधीच गाडीनं आचके सुरू केले. गोलाईत ती ठार झाली. सीटमागं डिकीवर बसलेली फेटेवाली मुलगी पुढं माझ्या खांद्यावर आदळली, तिचा बाप ओरडला, बँड थांबला. तेवढ्यात दुसऱ्या क्लासची जीप भोंगा वाजवत शेजारून गेली. आप्पा लालबुंद. "कुणी केली ही गाडी?"

मेस्त्री गाडीमागंच चालत होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, अंगावर गुलाल. ते पुढं आले. आणि मी — कसं सांगू? — मी आवाज मऊ केला. दया आल्यासारखा.

"आप्पा, मेस्त्रींना बोलू नका. भूकंपापासून त्यांचा हात थरथरतो."

शंभरेक माणसांनी त्या हातांकडे बघितलं. मेस्त्रींनीही बघितलं. मग त्यांनी ते दोन्ही हात खिशात घातले.

रागावून बोललो असतो तर ते भांडले असते. दयेशी कसं भांडणार? आप्पांच्या जीपांचं काम त्यांच्याकडून गेलं, मग इतर गिऱ्हाइकांचंही. पण खरं वाईट ते नव्हे. खरं वाईट हे, की मेस्त्रींना ते पटलं. आठवड्यानं मी गाडी घेऊन गेलो. गेलो, कारण न जाणं संशयाचं दिसलं असतं. त्यांनी नळी कानाला लावली, बराच वेळ ऐकलं, पेचकस उचलला आणि खाली ठेवला.

"कानाला कळायलंय, सर. पण हाताचा भरवसा न्हाई."

हात आता खरंच थरथरत होता. मी बघितलं. गॅरेजात आम्ही दोघंच होतो. एक वाक्य होतं माझ्याकडं — या लेखाचं पहिलं. मी म्हणालो, "असू द्या मेस्त्री, वय होतं."

त्यांचं वय तेव्हा बेचाळीस होतं.

पुढं ते त्याच रस्त्याला पंक्चर काढत बसले. मी जाता-येता हात करायचो, ते उठून नमस्कार करायचे. सर म्हणून. अशी किती वर्षं? मी मोजलेली नाहीत. मोजायची मला सवयच नाही.

मागच्या उन्हाळ्यात मेस्त्री गेले. मी भेटायला गेलो. गंगाबाई दारातच बसल्या होत्या. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते एवढंच: "गंगाबाई, मेस्त्रींचा हात तेव्हा थरथरत नव्हता."

स्क्रूचं तेव्हाही नाही बोललो.

गंगाबाईंनी मान वर केली.

"मग हे तवाच गोलाईत बोलायचं होतं की, मास्तर. आता मातीला ऐकवायलाव का?"