धोट्यांच्या गाडीतल्या नेमलेल्या जागा

एखाद्या गोष्टीभोवती कथा कशा साठत जातात, हे न्याहाळण्यात माझे आयुष्य गेले. विहीर असो, घाट असो, ओस पडलेले देऊळ असो, कथा रुजायला सहसा दोन पिढ्या लागतात. घटना घडते, कुणीतरी ती सांगते, पुढचा सांगणारा तिला घासूनपुसून घेतो, त्याच्या पुढचा तिला आपल्या गावचे कपडे चढवतो. धोटे यांच्या गाडीच्या बाबतीत मात्र सकाळी घडलेली घटना दुपारच्या चहापर्यंत कथा झालेली असे, आणि संध्याकाळी परतताना तिचे दोन पाठभेद माझ्याच कानांवर येत. इतका वेग मी उभ्या क्षेत्रकार्यात अनुभवला नव्हता!

सरकारी कार्यालये जुन्या रायपूरमधून नवा रायपूरला हलली, त्यानंतरच्या या हकिकती. आम्ही चौघे रोज एकाच गाडीने जात असू. गाडीचे मालक धोटे आस्थापना शाखेत अधिकारी. मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेतल्या गार्डाचे चिरंजीव. वानखेडे भांडार शाखेत. उंची सहा फूट आणि वाक्ये त्या मानाने फार आखूड. सुभेदार मॅडम विधी शाखेत. घराणे भोसल्यांच्या काळापासून इथले, मराठी सगळे समजणारे, पण उत्तर बहुधा हिंदीत देणारे. चौथा मी, लोकगीतांच्या संकलनाच्या कामावर नेमलेला.

गाडी पांढरी सेडान, अकरा वर्षांची. धोटे तिचे तिसरे मालक. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केले होते. सुनंदावहिनी, म्हणजे सौ. धोटे, पहिल्या वर्षापासून एकच वाक्य म्हणत आल्या होत्या, "विकून टाका ते." धोटे यांचे उत्तरही ठरलेले. "माझ्या बाबांनं तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीले हिरवा झेंडा दाखवला. हे माझी आहे." गाडी राहणार की जाणार, हा प्रश्न आमच्या प्रत्येक सकाळच्या मागच्या काचेवर जणू चिकटवलेलाच असे.

*

जुन्या मोटारींच्या बाजारात एक कथाप्रकार सर्वत्र आढळतो. नागपूर ते बिलासपूर मी तो एकाच साच्यात ऐकला आहे : ही गाडी एका डॉक्टरांची होती, ती घर ते दवाखाना एवढीच चालली, आणि डॉक्टर ती स्वतः पुसत. धोटे यांना गाडी विकणाऱ्या गृहस्थांनीही हीच कथा शब्दशः सांगितली. धोटे यांचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला. कथेचे यश दुसरे काय असते?

एप्रिल उजाडला. पहिल्यांदाच एसी लावायची वेळ आली. धोटे यांनी बटण दाबले, पंखा घरघरला, आणि समोरच्या जाळ्यांतून झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, तांदळाचे दाणे आणि सोनेरी चमकी आम्हा चौघांवर एकसारखी बरसू लागली. गाडी कशासाठी वापरली गेली होती, हे सांगायला दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही.

पदरावरची चमकी झटकत सुभेदार मॅडम शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर साहब की शादी बहुत बार हुई है."

*

मे महिन्यात इंजिन तापू लागले. तापमानाचा काटा तेलीबांध्याच्या तलावापर्यंत निम्म्यावर असे आणि पुढच्या मोकळ्या रस्त्यावर लाल रेघेकडे सरके. धोटे यांनी तीन ठिकाणी दाखवले. बीरगांवच्या मिस्त्रीने हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले. तेलीबांध्याच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये संपूर्ण रेडिएटर बदलण्याचा सल्ला मिळाला. पंडरीच्या साहू मिस्त्रीने बोनेटही न उघडता "पंखा देखना पड़ही" एवढेच म्हटले आणि दुसऱ्या गाडीखाली सरकला.

तीन पाठ हाती आल्यावर मला राहवेना. एकाच कथेची तीन रूपे मिळाली की त्यांची तुलना करून मूळ रूपाचा अंदाज बांधायचा, ही आमच्या शास्त्राची जुनी रीत. मी एका कागदावर तिन्ही निदाने मांडली. तिघांनाही जोडणारा समान घटक पाणी. पाणी फिरवतो पंप. तेव्हा मूळ दोष पंपात असला पाहिजे, असा निष्कर्ष मी सप्रमाण मांडला. धोटे भारावले. त्याच संध्याकाळी नवा पंप बसला, मजुरीसह साडेतीन हजारांना.

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा लाल रेघेवर.

साहू मिस्त्रीने अखेर बोनेट उघडले. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमागे फ्यूजची पेटी होती आणि तिच्यातला संपर्क सैल झाला होता. बाहेरून डॅशबोर्डच्या फळीवर दाब दिला की पंखा फिरे, दाब काढला की थांबे.

"सर, शोधनिबंध चुकला तं सुधारता येते," वानखेडे मला म्हणाले. "पंप वापस होत नाही."

*

ती पेटी नवी कुठेच मिळेना. दिल्लीहून मागवायची तर किंमत ऐकूनच धोटे यांनी पाण्याचा ग्लास मागितला. शेवटी त्यांनी तोडगा काढला, आणि तो केवळ आस्थापना शाखेत हयात घालवलेल्या माणसालाच सुचू शकतो. त्यांनी दोषांचे वाटप केले. ज्याच्या जागेजवळ जो दोष, त्याचा कार्यभार त्याच्याकडे!

पुढे डावीकडे बसणारे वानखेडे. त्यांचा लांब पाय जन्मतःच त्या फळीपर्यंत पोहोचत होता, म्हणून फळी गुडघ्याने दाबून पंखा चालू ठेवणे त्यांच्याकडे. मागे डावीकडे सुभेदार मॅडम. त्यांच्या दाराचे कुलूप झिजले होते, म्हणून उजव्या वळणावर दार धरून ठेवणे त्यांच्याकडे. मागे उजवीकडे मी. त्या बाजूच्या चाकातून अधूनमधून आवाज येई.

"सर, तुमचं कामच ऐकायचं आहे," धोटे म्हणाले. "तुम्ही फक्त ऐका."

व्यवस्था इतकी सुरळीत बसली की तिच्यात खंड पडणे हीच आपत्ती ठरू लागली. एकदा वानखेडे यांना भाच्याच्या साखरपुड्यासाठी दोन दिवसांची रजा हवी होती. त्यांच्या साहेबांनी ती मंजूर केली. धोटे यांनी मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी शेजारी वळून गंभीरपणे विचारले, "पर्यायी गुडघ्याची व्यवस्था काय केली?"

वानखेडे यांनी साखरपुड्याला सहकुटुंब न जाता कुटुंबाला एकटे पाठवले.

*

मला सोपवलेल्या आवाजाचा एक विशेष होता. तो रोज येई, पण साहू मिस्त्रीच्या अंगणात पाऊल ठेवताच नाहीसा होई. मिस्त्री चार वेळा गाडी फिरवून आला. आवाज नाही. धोटे माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू मीच तो रचून सांगत होतो.

सांगणारा संकलकासमोर गप्प बसतो, हा अनुभव मला नवा नव्हता. उपायही माहीत होता. मी माझे ध्वनिमुद्रणाचे यंत्र बरोबर घेतले, मागच्या आसनाखाली हात घालून धरले आणि तो टकटक आवाज नवा रायपूरच्या रस्त्यावर चांगला सात मिनिटे टिपला. संध्याकाळी यंत्र मिस्त्रीच्या हातात दिले. माझे बोट मात्र चुकीच्या बटणावर पडले, आणि आदल्या आठवड्यात एका म्हातारीकडून घेतलेले सुआगीत सुरू झाले. दिवाळीच्या सुमारास बायका टाळ्या वाजवत पोपटाला उद्देशून म्हणतात, ते गीत.

मी थांबवणार, तोच साहू मिस्त्रीने हात वर करून मला अडवले. पाना खाली ठेवला. डोळे मिटून त्याने सगळे गीत ऐकले. त्याच्या आईच्या पारातले, म्हणजे वस्तीतले, गीत होते ते. शेवटच्या दोन ओळी तो स्वतःच गुणगुणला. मग यंत्र माझ्या हातात परत देत समाधानाने म्हणाला,

"अवाज तो बने हे साहेब. कुछु खराबी नइ हे."

तिसऱ्या दिवशी तेलीबांध्याच्या तलावासमोर चाकाचा बेअरिंग तुटला.

*

बेअरिंग झाला, मग सायलेन्सर झाला, मग पावसाळ्यात वायपर. धोटे यांचा उत्साह या साऱ्यातून तावूनसुलाखून निघाला. पण तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात क्लच प्लेट गेली, आणि ती गेली ती ऐन रस्त्यावर, सकाळी साडेनऊला.

प्रथम वास आला. "किसका डब्बा जल गया?" असे सुभेदार मॅडम विचारत असतानाच इंजिन जोरात गुरगुरू लागले आणि गाडी मात्र जागची हलेना. धोटे स्टिअरिंगवर बसले, आम्ही तिघे मागून ढकलू लागलो. दुभाजकावरची झाडे आमच्याहून वेगाने वाढत असावीत, असा आमचा वेग होता. तेवढ्यात मागून कर्मचाऱ्यांची बस आली. चालकाने ती आमच्या बरोबरीने आणून हळू केली. प्रत्येक खिडकीत ओळखीचा एक चेहरा होता, आणि त्यातले निम्मे धोटे यांच्या हाताखाली काम करणारे होते.

"साहब, बैठ जाइए," चालकाने आदराने सांगितले.

धोटे यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि वाट मोकळी करून दिल्यासारखा तो हलवत म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा. आम्ही येतोच मागून."

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मिळून नऊ हजार झाले. बातमी बसमधून आमच्या आधी घरोघर पोहोचली होती. त्या संध्याकाळी आम्ही धोट्यांकडे चहाला बसलो असताना वहिनींनी कपबशा ठेवल्या आणि निकालाची पद्धत जाहीर केली.

"सोमवारी मी स्वतः बसते तुमच्यासंग. न थांबता पोहोचली तं ठेवा. रस्त्यात थांबली, तं तिथूनच विकून या."

धोटे यांनी अट मान्य केली. रविवारी मात्र त्यांनी आम्हा तिघांना फोन करून बजावले, की दार, फळी, चाक यांबद्दल वहिनींसमोर अवाक्षर काढायचे नाही. गाडीतले हे दोष वहिनींना ठाऊकच नाहीत, अशी धोटे यांची समजूत होती.

*

सोमवारी वहिनी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या आणि कुणी काही बोलण्यापूर्वी पुढे डावीकडे जाऊन बसल्या.

वानखेडे उघड्या दाराशी उभेच राहिले. त्यांनी धोट्यांकडे पाहिले. धोट्यांनी आकाशाकडे पाहिले.

"भाऊजी, मागं बसा ना," वहिनी म्हणाल्या. "जागा हाये."

वानखेडे मागे, सुभेदार मॅडम आणि माझ्यामध्ये, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. तो गुडघा हवेत होता, फळीपासून दोन हात दूर. गाडी निघाली. मॅडमनी दार धरले. मी कान दिला. पण आम्हा सर्वांचे डोळे एकाच ठिकाणी, तापमानाच्या काट्यावर खिळले होते. तलाव मागे पडला. काटा निम्म्यावर. मोकळा रस्ता लागला. वानखेडे पुटपुटले, "आता." काटा निम्म्यावर. क्लच गेला होता ती जागा आली आणि गेली. धोटे यांची मान हळूहळू ताठ होऊ लागली. शेवटच्या चौकात त्यांनी चक्क शीळ घातली. काटा हललाच नाही!

कार्यालयाच्या फाटकासमोर गाडी उभी राहिली. धोटे यांचे डोळे पाणावले होते. "पाहिलं?" ते म्हणाले. "कुठं थांबली?"

"माझ्याविना आली," वानखेडे म्हणाले. त्यांच्या स्वरात आनंद होता, असे मला म्हणवत नाही.

वहिनींनी दार उघडले, डावा पाय बाहेर ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. उजवा पाय सरळ होईना. त्यांचा गुडघा अजून फळीवर घट्ट टेकलेला होता.

धोटे त्या गुडघ्याकडे बघत राहिले. "तुले कोणं सांगितलं?"

"दोन वर्षांपासून रविवारी बाजारात नेऊन राहिले ना मले?" गुडघा दोन्ही हातांनी चोळत वहिनी म्हणाल्या. "एकदा पंडरीच्या गर्दीत काटा वर गेला. माझा गुडघा लागला, तं पंखा फिरला. तेव्हापासून दाबूनच राहिली मी."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही बोलले का? रोज येऊन सांगता, गाडी एकदम झकास चालून राहिली."

धोटे यांनी इंजिन बंद केले. मग हळूच म्हणाले, "म्हणून विका म्हणत होती?"

"नाही तं काय? बाकी खर्चाची मले सवय झाली. पायरी चढता येत नाही आता."

फाटकावरचा पहारेकरी आमच्याकडे पाहू लागला होता. हजेरीची वेळ झाली होती, पण कुणीच उतरेना. वहिनींनी फळीवर एकवार हात ठेवला, तो काढला, आणि निकाल दिला.

"पोहोचली, तं ठेवा. पण येत्या रविवारपासून बाजारात वानखेडे भाऊजी येतील."

आम्ही सगळे वानखेड्यांकडे वळलो.

वानखेडे यांनी विचारले, "किती वाजता?"