झिरोच्या बल्बाएवढी हाक

इतकं हळू बोलण्यासाठी इतक्या लांब जाणारा माणूस आमच्या दाजींशिवाय साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, अहमदपूरच्या एका शाळेतले निवृत्त पी.टी.चे सर. त्यांनी मैदानावर ‘सावधान’ म्हटलं की एसटी स्टँडवरचे प्रवासीही पाय जुळवून उभे राहत, अशी त्यांची ख्याती. आवाज बंद असेल तेव्हा तोंडात शिट्टी. अशा माणसाला हौस जडली ती वायरलेसची, आणि तीही कमीत कमी विजेच्या वायरलेसची. सरकारी परीक्षा देऊन रीतसर परवाना काढलेला. जेवणाच्या डब्याएवढा संच, एक बॅटरी, झाडावर टाकायची तार आणि पाच वॅट वीज. आपल्या झिरोच्या बल्बालाही याहून जास्त लागते. तेवढ्यावर उघड्या माळावर बसून, टिंब आणि रेघांच्या भाषेत कट्ट-कडकट्ट करत, मुलखापलीकडच्या माणसाला हाक मारायची आणि त्याने ओ दिली की धन्य व्हायचं. "वॅट वाढवले तर कुणालाबी ऐकू जातंय. त्यात काय मर्दुमकी?" असं ते म्हणत. यावर अक्काचं उत्तर ठरलेलं होतं. "घरात मीठ मागायचं तर गल्ली गोळा करतेत, आन् डोंगरावर जाऊन कुजबुजतेत."

तार झाडावर चढवायला त्यांच्याकडे गोफण होती, ज्वारीवरची पाखरं उडवायची तीच. तारेला दोरी, दोरीला दगड, आणि नेम असा की दगड लिंबाच्या झाडाकडे निघे तो कुणाच्या तरी पत्र्यावर पोचे. माणसं भांडायला येत आणि संचाच्या अर्थिंगसाठी जमिनीत ठोकलेली लोखंडी कांब बघून एकदम नरम पडत. कारण आमच्याकडे शेतात कांब ठोकणारा माणूस एकाच कामासाठी आलेला असतो. "सर, किती फुटावर हाय पाणी?" शिरूर अनंतपाळच्या माळावर अशाच एका शेतकऱ्याला दाजींनी हाक परतवून लांब धाडणारे आभाळातले विजेचे थर समजावून सांगितले. त्याने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, यांची पाठ वळल्यावर कांबेच्या भोकावर बोअर मारला आणि दुर्दैवाने त्याला पाणी लागलं. तेव्हापासून दाजींचं नाव पंचक्रोशीत झालं ते पाणाड्या म्हणून. "माझी हाक सिलोनला गेली ते कुणी विचारीत न्हाई रे," ते मला म्हणाले, "सगळे बोअरचंच विचारून राहिलेत."

त्यांचा खरा जीव मात्र केरळातल्या एका मास्तरांवर. तेही निवृत्त, तेही पाच वॅटवाले. दर रविवारी सकाळी दोघांच्या गप्पा चालत आणि विषय दोनच, हवा आणि गुडघे. बोलणं संपलं की दाजी संचाला मोठ्याने जयभीम घालत. इतक्या वर्षांत दोघांनी ना एकमेकांचं तोंड पाहिलं होतं, ना फोन नंबर घेतला होता. मी एकदा म्हणालो, "नंबर घेऊन टाका की." त्यावर दाजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू कबड्डीत मोटारसायकल चालेल का, असंच मी विचारलं होतं. "नंबर घेतला तर मग डोंगरावर कशाला जायचं?"

आणि गेल्या वर्षी मास्तर गप्प झाले. दाजी हाका मारत, हेडफोन कानावर दाबून बसत, उत्तर नाही. दोष आधी सूर्यावरच्या डागांना दिला, मग शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरला, मग गावभरच्या एलईडी दिव्यांना. खरखर लई वाढली म्हणून ते गावाबाहेर गेले, मग माळावर, मग आणखी पुढच्या माळावर. खरखर काही पाठ सोडीना. घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसत. एका रविवारी येऊन म्हणाले, "मास्तर गेले," आणि अक्काला पोळपाटावरून उठवून मौन पाळायला लावलं. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा हाका मारायला हजर. हे ऐकून मला हसू आलं. अक्का फोनवर म्हणाली, "ते मास्तर हायेत का गेले, एकदाचं कळू दे रे बाबा. माझा माणूस झिजून राहिला."

शेवटी दाजींनीच ठरवलं, इस्लापूरला जायचं. तिकडे दिवे कमी, माणसं कमी. तिथेही मास्तर बोलले नाहीत तर संच कुणालातरी देऊन टाकायचा. माझ्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो आणि तिथल्या सहस्रकुंड धबधब्याच्या खडकांवर बस्तान मांडलं. गोफणीचा दगड चक्क पहिल्या फेकीत झाडावर गेला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दाजींनी हाक मारली, ऐकलं, पुन्हा मारली, पुन्हा ऐकलं, आणि हेडफोन काढून माझ्या मांडीवर टाकला. "इथं येऊन चुकलं. धबधब्याचा आवाजच एवढा हाय, काही ऐकू येईना."

मी धबधब्याकडे पाहिलं. भर उन्हाळ्यात तिथे धबधबा नसतो. काळ्या खडकावरून करंगळीएवढी धार ओघळत होती, तीही मुकाट्याने. एक टिटवी सोडली तर सगळीकडे शांत होतं आणि दाजी कपाळाला आठ्या घालून त्या नसलेल्या पाण्यावर चिडले होते. जन्मभराच्या शिट्टीने त्यांच्या कानात कायमचा धबधबा बसवला होता. तो बरोबर घेऊन हा माणूस शांतता शोधत हिंडत होता. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण त्या घरात सगळे पहिल्यापासून ओरडूनच बोलतात.

मी हेडफोन कानाला लावला. आत अगदी बारीक काहीतरी वाजत होतं. मला ती भाषा येत नाही. पण सरकारने परवान्यावर दिलेलं आपलं अक्षर-आकड्यांचं नाव दाजी जेवताना चमच्याने ताटावर वाजवतात, आणि तो ठेका माझ्या डोक्यात पक्का बसलेला आहे. तोच ठेका होता. थांबून पुन्हा तोच. कुणीतरी दाजींना नावाने हाक मारत होतं.

मी त्यांचा डावा हात ओढला आणि तळव्यावर अंगठा दाबत गेलो. रेघेला लांब, टिंबाला आखूड. ते आधी हात सोडवू लागले, मग थांबले. "मास्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. उजव्या हाताने त्यांनी ओ दिली. मास्तर संथपणे बोलू लागले, मी दाबत गेलो आणि दाजी अक्षराला अक्षर जुळवत गेले.

"म्हणतेत," दाजी शेवटी म्हणाले, "तुमची हाक मला दर रविवारी ऐकू येती. मी दर रविवारी ओ देतो. तुम्ही बोलत न्हाई. माझं काही चुकलं का?"

दाजींनी खडकावरच्या त्या करंगळीएवढ्या धारेकडे पाहिलं. मग बटणावर बोट ठेवून त्यांनी दोनच शब्द धाडले. कान गेले. मला रडू आवरेना.

डॉक्टर म्हणाले, आता उतारच. कानातलं यंत्र आणलं तर तेही शिट्टी मारतं, म्हणून ते कपाटात आहे. रविवारी मी अंगठा घेऊन जातो आणि मास्तरांचे गुडघे दाजींच्या तळव्यावर उतरवतो. पण आता अक्काचं ओरडणंही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. एवढं गाजतं घर, पण हल्ली तिथे कुणी ओरडत नाही, आणि त्या शांततेत जीव घाबरा होतो.

मागे अक्का म्हणाली, "ते अंगठ्याचं मलाबी शिकीव."

"मला कुठं येतंय? मी नुसतं ऐकलेलं दाबतो. दाजींना विचार."

"त्यांना विचारायला ऐकू तर आलं पाहिजे," ती म्हणाली.

परवा गेलो तर संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली होती. त्यांचा तळवा मांडीवर घेऊन अक्का अंगठा दाबत होती, मनाला येईल तसा, कधी लांब, कधी आखूड.

"काहीच अर्थ लागत न्हाई हिच्या बोलण्याचा," दाजी मला म्हणाले. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.