कोठीची किल्ली

काशीत ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांत लग्न ठरलं, की मुहूर्ताच्या पाठोपाठ निरोप जायचा, "कालिंदीवहिनींना सांगा, कोठीवर बसायचंय." कोठी म्हणजे सामानाची खोली. तूप, साखर, लाडूंच्या पराती सगळं तिथे, आणि किल्ली विश्वासातल्या बाईच्या कमरेला. आता विश्वासातली म्हणजे कोण, तर जिला मंडपात मिरवायची सोय नाही ती! कालिंदी ऐन तारुण्यात विधवा झाली आणि त्या दिवसापासून सगळ्या गल्लीचा तिच्यावर भलताच विश्वास बसला. घाटावरच्या कितीतरी पोरींची लग्नं तिने भिंतीआडून ऐकली. ताशा कडाडला की अक्षता पडल्या आणि साखर मागायला कोणी आलं की पंगत बसली, एवढंच तिला कळायचं.

तोंड मात्र तिखट. शाळेत गणित शिकवून तिने एकुलत्या बकुळला वाढवलं, एम. ए. केलं. धाकटा दीर ढुंढिराज मुगलसरायला रेल्वे यार्डात हेडक्लार्क. त्याने काय केलं? दर दिवाळीला येऊन फराळ हाणला आणि उपदेश केला. "भावजींचं बोलणं म्हणजे मुगलसरायचं यार्ड," ती म्हणायची, "डबे नुसते इकडून तिकडे, गाडी कुठेच जात नाही."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बकुळचं लग्न ठरलं. मुलगा नरहर, चांगल्या घरचा. कन्यादान दीर-जावेने करायचं ठरलं. शास्त्रच तसं. पण बकुळने बजावून ठेवलं, "आई, रिसेप्शनला तू स्टेजवर, माझ्या शेजारी. बस्स, मुझे और कुछ नहीं चाहिए." कालिंदीने लाजत लाजत अंजिरी साडी घेतली. इतक्या वर्षांत रंग अंगाला लागला नव्हता. आरशासमोर ती दोनदा नेसून पाहिली, आणि स्वतःवरच हसली.

मग ढुंढिराज नकाशा घेऊन आला. सिगरा मोहल्ल्यातला रिसेप्शनचा हॉल त्याने लाल-निळ्या पेन्सिलीने कागदावर उतरवला होता. कागद जमिनीवर पसरून, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून, जणू पानिपतचीच आखणी. पुढे सोफे साहेबलोकांना. त्यांच्या मागे वैदिक मंडळी. चाट डावीकडे, पान उजवीकडे.

"काका, नाचायला जागा?" बकुळने विचारलं.

"ही काय, हात धुवायच्या नळांपाशी."

"आणि स्टेजवर?"

"मध्ये तुम्ही दोघं. इकडे व्याही-विहीण. इकडे मी आणि तुझी काकू."

"आई कुठेय?"

"वहिनी कोठीवर! स्टेजच्या मागचीच खोली. अगं, सगळ्यात जबाबदारीची जागा. ही काशी आहे. ती म्हण आहे ना, ..." आणि तो अडखळला, एक शब्द गिळून म्हणाला, "सांड, सीढी, संन्यासी. कोण कधी आत शिरेल, नेम नाही."

काशीत ज्यांच्यापासून जपून राहायचं त्यांची ही म्हण, आणि तिचा पहिला शब्द रांड, म्हणजे विधवा. काशीतलं शेंबडं पोरही तो जाणतं. ढुंढिराजाने गिळला खरा, पण कालिंदीला तो लख्ख ऐकू आला. बकुळ उसळलीच. कालिंदीने तिचा हात दाबला. लग्नाच्या तोंडावर पोरीच्या डोक्याला घोर नको. "बसते," ती म्हणाली, आणि मनात म्हणाली, 'मेल्या, तुझ्या नकाशाला आग लागो.'

रिसेप्शनच्या संध्याकाळी ती अंजिरी साडी नेसून लाडवांच्या परातींत बसली. हलवायाला सामान द्यायला मागे एक खिडकी होती. दार एकच, आणि ते थेट स्टेजवर उघडत होतं. यार्डात आयुष्य घालवलेल्या ढुंढिराजाला हे हॉलवर आल्यावर दिसलं! मग काय, त्याने दारावर झेंडूच्या माळांचा पडदा सोडला. पडद्यापलीकडे बँड वाजत होता, पोरी खिदळत होत्या. कालिंदी लाडू मोजायचं सोंग करत पदराने डोळे पुसत होती.

तेवढ्यात विहीणबाईंचा आवाज आला, "बकुळच्या आई कुठे आहेत हो? मघापासून शोधतेय."

"वहिनींना गर्दी सोसत नाही," ढुंढिराज म्हणाला. "पहिल्यापासून एकलकोंड्या." आणि बड्या साहेबांना घ्यायला तो लगबगीने खाली उतरला.

एकलकोंडी! कालिंदी ताडकन उठली. खिडकी लावली, कडी घातली. झेंडूच्या माळा बाजूला सारून ती सरळ स्टेजवर आली, मागे दाराला कुलूप ठोकलं, आणि ढुंढिराजाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

"अगं बाई! जाऊबाई, ही ह्यांची खुर्ची," आनंदी, ढुंढिराजाची बायको, पुटपुटली.

"हो का? पाठीला बरी आहे."

विहीणबाईंनी हसून आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. नवरी मैत्रिणींबरोबर नळांपाशी नाचत होती, तिला अंजिरी साडी दिसली. "आई!" अशी हाळी देऊन ती धावत सुटली आणि सगळी नाचती टोळी तिच्या मागून सोफ्यांच्या पुढे येऊन ठेपली. साहेबांनी पाय वर घेतले. पाठोपाठ बँडवालेही आले. नकाशाचा पार चिवडा झाला.

त्यात हलवाई ओरडत आला, "पंडितजी, लड्डू खतम! कोठी में ताला पड़ा है!"

ढुंढिराज घामाघूम होऊन स्टेजवर चढला. "वहिनी, अहो हे काय! किल्ली द्या आधी!"

कालिंदीने सावकाश कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घ्या, भावजी. आणि आतच बसा. विश्वासातलं माणूस लागतं तिथे."

त्याने स्टेजवर नजर फिरवली. त्याच्याच नकाशाप्रमाणे जादा खुर्ची एकही नव्हती. साहेब बघत होते, विहीणबाई बघत होत्या, हलवाई तर डोक्यावरच उभा होता. ढुंढिराजाने झेंडूच्या माळा उचलल्या आणि मान खाली घालून तो कोठीत शिरला.